एकाच बाजूने छापलेला फर्मा

मी नागपुरात एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात फर्मे मोडते. मोडते म्हणजे घडी घालते. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पाने छापून येतात, काही सरळ, काही उलटी. नीट घडी घातली की ती ओळीने लागतात. त्या कागदाला फर्मा म्हणतात. माझे शिक्षण चौथीपर्यंत. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. फार दिवस मनात राहिले, म्हणून लिहिते.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलांचे एक रंगीत पुस्तक कामाला आले. जादूचे दुर्मिळ प्राणी सांभाळणाऱ्या एका मुलीची गोष्ट. त्यातला एक प्राणी काचशिंग्या. सशाएवढा, आणि डोक्यावर काचेची शिंगे. मशीन लावताना पहिले काही कागद खराब जातात, ते रद्दीत टाकतात. त्यातला एकेक मी माझ्या मुलीसाठी घरी नेत असे.

शेजारी बसणारी बाई हसायची. "काहून वं, चवथी पास, आता मास्तरीण होतं का?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकत असे. मला चार लोकांत तोंड उघडता येत नाही.

मुलगी पाचवीत होती, माझ्यापेक्षा एक वर्ग पुढे. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी लागली, पाणी कमी पडले, की हातापायांची हाडे दुखायची आणि शाळा बुडायची. फर्मा नेला की ती तो गोधडीवर पसरायची, पानांचे आकडे पाहून स्वतःच घडी घालायची, सुईदोऱ्याने टाके मारायची आणि मला वाचून दाखवायची. काचशिंग्याला कसे सांभाळावे ते त्यात लिहिले होते. घडोघडी पाणी पाजावे. गार वारा लागू देऊ नये. पळवू नये. दुखत असेल तर जवळ बसावे, फार विचारू नये.

वाचता वाचता ती थांबली. "आई, ह्याले बी सिकल हाय वाट्टे."

"चूप वं."

"खरंच. पाह्य ना, थे पोरगी बी तुयासारखी पाणीच पाजून राहिली."

तेव्हापासून मी पाण्याचा पेला नेला की ती डोक्यावर दोन बोटे उभी करायची आणि मगच प्यायची.

पुस्तक चार फर्म्यांचे. तिसऱ्याच्या शेवटी काचशिंग्या आजारी पडतो, शिंगांना तडा जातो. मग ती रोज दारातच विचारायची, "चवथा आला का?"

चौथा छपाईला लागला तेव्हा थंडी वाढली होती; मोडायला तो अजून आमच्याकडे आला नव्हता. रद्दीत सापडला तो एकाच बाजूने छापलेला होता, मागून कोरा. मी उभ्या उभ्या पाहिला. त्रेसष्ट आकड्याच्या पानावर काचशिंग्याची रिकामी टोपली होती, आणि बाजूला ती मुलगी गुडघ्यांत डोके घालून बसलेली. खाली लिहिले होते, सकाळी टोपली रिकामी होती. मी समजले, काचशिंग्या गेला. मशीनवरच्या भाऊंनी सगळे पुस्तक पाहिलेले होते. त्यांना विचारता आले असते. मी विचारले नाही. कागद परत रद्दीत टाकला.

घरी म्हटले, "अजून छापलाच नाही."

"मंग मीच सांगू का, पुढं काय होते थे?"

मी घाबरले. वाटले, ही भलतेच काही बोलेल. "नको सांगू. गोळी घे आधी, अन् झोप."

"तू बी ना, वं. काहीच कामाची नाई." ती हसली आणि गोळी घेतली.

तीन दिवसांनी तिच्या छातीत दुखू लागले. पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी खूप केले. तिथेही एकदा तिने हळूच विचारले, "छापला का?" मी मानेनेच नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी कामावर गेले. चौथ्या फर्म्याचा एक गठ्ठा अजून पडलेला होता. शेजारच्या बाईने घडी दाबायची पट्टी माझ्या हातात दिली. पहिलाच कागद मोडला आणि उलटवला, तर मागे चौसष्टावे, शेवटचे पान. काचशिंग्या ओढ्याच्या काठी पाणी पीत होता. शिंगे नवी होती, बोटाच्या पेराएवढी.

मला कळायला हवे होते. बारा वर्षे मी हेच काम करते. त्रेसष्टच्या मागे चौसष्ट असतेच. मुलीच्या हातात तो कागद दिला असता तर तिने आधी आकडे पाहिले असते आणि म्हणाली असती, "आई, चौसष्ट कुठी हाय?"

"अवं, कागद ओला करशीन," शेजारची म्हणाली. "दे इकडं, मी मोडतो."

मी दिला नाही. तो सगळा गठ्ठा मीच मोडला.

फर्मा दिला असता तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. पण तिने तो वाचला तरी असता. आणि तोही नाही तर निदान तिच्या मनातला शेवट मी ऐकायचा होता. ती काय सांगणार होती? कधी वाटते, काचशिंग्या बरा झाला असे म्हणणार होती. कधी वाटते, तिला सगळे कळत होते, आणि ती मलाच धीर देणार होती. मी तिला बोलूच दिले नाही.