जहाजावरची चोरनळी

निवृत्तीनंतर लोक म्हणतात, “साहेब, एखादी गाजलेली केस सांगा.” मला मात्र आजही आठवते ती न गाजलेली. ती आठवली की मान खाली जाते.

नवी मुंबईत खाडीकाठच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. जाळी तेलाने काळी होतात, अशी कोळीवाड्याची तक्रार होती. एका दुपारी कामोठ्याचा एक खलाशी आला. पन्नाशीचा, मूळचा रायगड किनाऱ्यावरचा, बंदरात उभ्या परदेशी जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला.

“साहेब, इंजिनाखालचं तेलकट पानी मशीनमधून साफ करून सोडायचं असतं. आमच्याकडं चोरनळी लावलीय, डायरेक्ट दर्यात. पन माझं नाव येऊ देऊ नका. घर माझ्यावर हाय.”

स्टेशन डायरीत नोंद केली, परवानगी काढली आणि दोन पंच घेऊन जहाजावर गेलो. मुख्य इंजिनिअरने चहा पाजला, नोंदवही दाखवली. सगळे चोख. “नळी? कसली नळी?”

आमची जुनी युक्ती होती: दोघांना समोरासमोर उभे करायचे, खोटा असेल त्याला घाम फुटतो. मी खलाशाला बोलावले आणि म्हणालो, “सांग आता यांच्यासमोर.” तो घामाघूम झाला. मला वाटले, हाच खोटा. पंचनाम्यात ‘तथ्य आढळले नाही’ लिहून मी परतलो. जहाज गेले.

अहवालाची प्रत बंदरातल्या जहाज तपासणी कार्यालयात गेली होती. जहाज कोणाचेही असो, संशय आला की पुढच्या बंदराला कळवायचे, असा देशादेशांत करार असतो. तिथल्या अधिकाऱ्याने माझा शेरा बाजूला ठेवून कळवले. पुढच्या देशात तपासनिसांनी इंजिनखोलीच्या जमिनीचे पत्रे उचकटले, नळी सापडली, जहाज अडवून ठेवले. तसे कळवणारे पत्र ठाण्यात आले, ते वाचताना मला लाज वाटली. खलाशाला मात्र कप्तानाने त्याआधीच वाटेत उतरवून घरी पाठवले होते.

मी कामोठ्याला गेलो, माफी मागितली. कुठलीच कंपनी त्याला घेत नव्हती. तो रागावला नाही, तेच जास्त लागले.

“जहाजावरच्या दोस्ताचा फोन आलेला, साहेब. तिकडं सगल्यांना एकेकटं बोलावलं. कोन काय बोललं, कप्तानाला कललंच नाय.”

देशांना मिळून समुद्र राखता येतो, हे मी या केसमध्ये पाहिले. पण त्याची सुरुवात एका घाबरलेल्या माणसापासून होते. तो विश्वासाने माझ्याकडे आला होता आणि मीच त्याला त्याच्या वरिष्ठापुढे उभे केले.