रानगव्याचा रंग

मोहाची फुले पहाटेपासून गळत राहतात, आणि ऊन चढू लागले की त्यांचा गोडसर, किंचित आंबूस गंध साऱ्या रानाला गुंगी आणतो. त्या गंधातून मी उमरेडपलीकडच्या जंगलात लक्ष्मण नावाच्या वनरक्षकामागे चालत होतो. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. नागपुरातल्या एका संग्रहालयात मी चित्रकार होतो. तिथल्या पेंढा भरलेल्या रानगव्याचा रंग विटला होता, आणि तो पुन्हा चढवण्यापूर्वी मला जिवंत गवा पाहायचा होता. माझी पत्नी शांता जाऊन आठ महिने झाले होते. कामापुरते सोडले तर मी कुणाशी बोलेनासा झालो होतो.

बांबूच्या बेटामागून तो निघाला तेव्हा प्रथम सावलीच सरकल्यासारखी वाटली. खांद्यांपासून अर्ध्या पाठीपर्यंत गेलेला उंच कणा, तेल माखल्यासारखी काळी कातडी, कपाळावर राखेची छटा, आणि गुडघ्यांखाली मोजे चढवल्यासारखे पांढुरके पाय. आमचा वास लागताच त्याने शिट्टीसारखा फूत्कार सोडला, पण धावून न येता तो संथपणे आडवा वळला.

"हालू नका साहेब," लक्ष्मण कुजबुजला, "आपली उंची दावून राहिला तो."

त्याच्या एका शिंगाचे टोक मोडलेले होते. मी वही उघडायचेही विसरलो. बऱ्याच वेळाने तो वाळली पाने चिरडत उतारावरून निघून गेला.

"हा एकटाच कसा?" मी विचारले.

"म्हातारा झाला जी. कळपानं नाही हाकललं त्याले. तोच मांगं राहून गेला."

दुपारी ओढ्याकाठी लक्ष्मणने भाकरीचे फडके सोडले आणि सहज विचारले, "घरी कोन कोन आहे साहेब?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. ओळखीच्या सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. "कोणी नाही. बायको वारली," मी म्हणालो, आणि ते शब्द माझ्याच आवाजात मी पहिल्यांदा ऐकले.

भाकर मोडून, तिच्यावर ठेचा घालून लक्ष्मणने अर्धी माझ्या हातावर ठेवली. पळसाची उरलीसुरली फुले पाण्यावरून हळूहळू वाहत होती. त्या गव्यासारखे मलाही कुणी टाकले नव्हते, मीच मागे राहिलो होतो, हे त्या उन्हाळी नीरवतेत उमगत गेले, आणि मी त्याला शांताबद्दल सांगू लागलो. कुठून सुरुवात करावी कळेना. म्हणून चित्रकाराची बायको असूनही प्रत्येक तपकिरी रंगाला ती 'चॉकलेटी'च म्हणायची, तिथून केली.