महिपतीचं विरजण

माळशिरसाच्या वाटेवरचा महिपती राबायचा बैलासारखा आणि बोलायचा मामलेदारासारखा. कुणी काही नवं सांगितलं की "ते आमाला कवाचं ठाव हाय," हे त्याचं ठरलेलं.

त्या साली उंदरांनी बियाण्याचं मडकं साफ केलं. त्यात मुक्ताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लग्नात माहेराहून पदरात बांधून आणलेल्या काटेरी वांग्याचं बी होतं. तसलं वांगं पंचक्रोशीत कुणाकडं नव्हतं. चिमूटभर उरलं ते तिनं सगळं टाकून रोपं केली.

"ही झाडं गेली की बेणं गेलं," ती म्हणाली. "मग आईला काय तोंड दावू?"

"मी हाय की!" महिपती म्हणाला. तिला धास्ती होती ती त्याचीच.

श्रावणात शेतकी खात्याचा साहेब आठवडी बाजारात आला. भुईमुगाचा वेल उपटून त्यानं मुळावरच्या बारक्या गाठी दाखवल्या. "यांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. पिकाला खत करून घालतात."

महिपती बाजार टाकून थेट वांग्यात घुसला. एक मलूल रोप उपटलं. मुळावर ही गाठींची रांग! भुईमुगाच्या ज्वारीएवढ्या, तर ह्याच्या हरभऱ्याएवढ्या.

"अगं ए, बघ की! भुईमूग झक मारतोय ह्याच्यापुढं!"

"मग रोप का सुकलंय?"

"खत जास्ती झालं आसंल."

दुधाला विरजण लावावं तसं त्यानं मग त्या रोपाच्या बुडाची माती पाटीत भरून वाफ्यातल्या झाडाझाडाला मूठमूठ लावली. शेजारच्या आप्पालाही एक पाटी पोचवली. राहिल्या होत्या बांधाकडच्या दोन ओळी. तिथं मुक्ताबाई दर साली दसऱ्यासाठी झेंडू लावायची. यंदा वाफ्यात मावली नाहीत ती आठ वांगी तिनं त्या झेंडूतच खोचली होती. महिपती पाटी घेऊन तिकडं वळला, तशी ती खुरपं घेऊन आडवी झाली.

"माझ्या झेंडूत पाय टाकायचा न्हाय. तुमचं विरजण तिकडंच लावा."

"अडाणी ती अडाणीच," म्हणत तो माघारी फिरला.

भादव्यात झाडं दुपारी माना टाकू लागली. महिपतीनं दिवसाआड मोट धरली, तरी वाफा पिवळा तो पिवळाच. शेवटी साहेब पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याला हाताला धरून मळ्यात आणला.

"महिपतराव, भुईमुगाची गाठ नखानं खुडली की निघते, मूळ शाबूत राहतं. ही खुडून बघा."

महिपतीनं खुडली. गाठीबरोबर मूळही तुटून हातात आलं. साहेबानं ती चाकूनं चिरली, भिंग धरलं. आत खसखशीपेक्षा बारीक, मोत्यागत पांढरा ठिपका.

"ही किड्याची मादी. पिलं सुतासारखी असतात, मातीतून येऊन मुळात शिरतात. हे खत घालणारे नव्हेत, झाड खाणारे."

महिपतीनं पाटीकडं बघितलं. पाटीच्या मागं मुक्ताबाई उभी होती.

"आन् आमी त्यांस्नी हातानं घरोघर पोचवलं," ती म्हणाली. "वाजंत्री तेवढी ऱ्हायली."

महिपती धावतच आप्पाच्या बांधावर गेला. "आप्पा, ती माती..."

"कुठली? ती व्हय? उकिरड्याकडं हाय, पाटीसकट."

"लावली न्हाईस?"

"लेका, वीस वर्सांत तू कुणाला फुकट चुन्याची डबी दावली न्हाईस. पाटीभर माती घरपोच दिलीस, तवाच मी वळखलं."

महिपती परतला तेव्हा साहेब झेंडूच्या ओळीत उकिडवा बसला होता. तिथली आठही वांगी हिरवीगार, जांभळ्या फुलांनी लगडलेली. एक उपटून बघू म्हणाला, तर मुक्ताबाईनं नजरेनंच हात मागं घ्यायला लावला. मग त्यानं नुसती माती उकरून मुळं बघितली. गाठ एखाददुसरी.

"झेंडूमुळं वाचली का, ते मला सांगता यायचं नाही बाई. पुस्तकात पाहून कळवतो."

"ते आमाला कवाचं..." महिपतीनं तोंड उघडलं, आणि खुरप्याकडं बघून मिटलं.

पहिली दोन वांगी तिनं झाडावरच पिवळी होऊ दिली. बी धुऊन राखेत घोळवलं, वाळवलं, बांधलं आणि आढ्याला टांगलं. महिपतीचा हात पोचणार नाही इतकं उंच.




पुढल्या साली रोपं लावताना त्यानं विचारलं, "झेंडू कुटं कुटं लावायचा म्हणालीस?"