दोन्ही टोकांची खरखर

रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे अडकली की जी खरखर होते, ती ऐकली की मी अजून चांद्याच्या बिनतारी खोलीत जाऊन बसते. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. पावसानं भामरागडचा रस्ता बुडाला होता आणि आमचे हे तिकडच्या बिनतारी यंत्रावर कामाला, अंगात ताप. रोज दुपारी बाराला त्यांचा संदेश येई, तो ऐकायला मी ओल्या लुगड्यानं जाई. चांद्याचे म्हातारे ऑपरेटर आवाज बुडालेल्या दिवसांवर कॅलेंडरात फुल्या मारत. सूर्यावरच्या डागांनी आवाज बुडतो, नि सूर्य स्वतःभोवती फिरून ते डाग समोर आले की सत्तावीस दिवसांनी फुली परत येते, असा त्यांचा हिशेब. "उद्या येऊ नका बाई, काई ऐकू येनार नाई," ते म्हणाले. त्यांचा हिशेब चुकावा म्हणून मी मुद्दाम गेले. बारा वाजले आणि नुसती खरखर. माझे डोळे भरले, तसा त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. "रडता काऊन? तुमच्या मालकालेबी तिकडं हेच ऐकू येऊन राह्यलं असन." मग मी तासभर तेच ऐकत बसले. पुढं रस्ता मोकळा झाल्यावर हे घरी आले, मी त्या खरखरीचं सांगितलं, तर म्हणाले, "त्या दिवशी मीबी यंत्र बंद केलं नाई." आता हे नाहीत. तरी दुपारी बाराला मी सुई स्टेशनावरून जराशी सरकवते.