लेकीला चालणारे सफरचंद

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी तुमच्या आईने फोनवर विचारले, "आई, सफरचंद खाल्लं की सईच्या ओठांना खाज येते. शिजवून दिलं तर चालेल ना? तू इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंस." मी "डॉक्टरांना विचार" एवढेच म्हणाले आणि विषय बदलला. तिला ते तुटक वाटले असणार. त्यामागचे कारण फोनवर सांगणे मला जमले नसते, म्हणून लिहून ठेवते.

सांगलीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक बाई फळांची गाडी लावायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही. सफरचंदाची नवी पेटी फोडली की ती पहिल्या फळाची पातळ फोड कापून स्वतःच्या जिभेवर ठेवी आणि डोळे मिटून गप्प उभी राही. तेवढ्यात कोणी भाव विचारला तर नुसता हात वर करी. मग डोळे उघडून निकाल देई. "ह्ये चावतंय." नाहीतर, "ह्ये गरीब हाय."

चावतंय म्हणजे तोंडात खाज सुटते, जीभ चुरचुरते. गरीब म्हणजे कमी चावणारे. अजिबात न चावणारे तिला अजून भेटले नव्हते.

समोरच्या बंगल्यातले निवृत्त पोस्टमास्तर एकदा म्हणाले, "मावशी, सफरचंदाला दात असतात व्हय?"

"आवं, तुमच्या सासूला तरी कुठं ऱ्हायल्यात? चावतीयाच की!"

ते हसत हसत घरी गेले आणि हे सासूबाईंनाही सांगितले, असे ऐकले.

पिवळे गोल्डन बहुतेक चावरे, हिरवे त्याहून चावरे, किन्नौरचे लाल कधी असे कधी तसे. झाडावरून नुकतेच आलेले फळ गरीब असते आणि तेच थंड गोदामात काही महिने राहिले की चावरे होऊन येते, हे तिनेच मला सांगितले. मी ते पुढे वाचले. तिचे बरोबर होते.

मी एकदा विचारले, "मावशी, कशाला रोज तोंडाला त्रास करून घेता?"

"लेकीसाठी वं, बाई."

लेक साताऱ्यात दिली होती. तिथे ती शिवणकाम करायची. लहानपणी सफरचंदाच्या एका घासाने तिचे ओठ सुजले, तेव्हापासून तिने सफरचंदाला हात लावला नव्हता. "फळवालीची लेक आन् सफरचंद न्हाई खायचं, बरं दिसतं व्हय? येवढ्या जाती हायेत. येक तरी तिला चालंलच की."

मावशी मूळची जतकडची. वडील मेंढरे राखत. "नव्या रानात गेलं की आमचा बा आदी पाला सोता चावून बघायचा. मंग मेंढरं सोडायचा. मी बी तेच करते." मायलेकींचे तोंड एकच, हे तिने धरून टाकले होते. मलाही ते खटकले नाही.

मला शिस्तीने वाचायची सवय. मी या विषयावर जे मिळाले ते वाचले आणि वहीत टिपून घेतले. सफरचंदात काही प्रथिने असतात, ज्यांना काहींचे शरीर शत्रू समजते. प्रत्येक जातीत त्यांचे प्रमाण वेगळे. त्यातले एक शिजवले की मोडते. दुसरे मुख्यतः सालीत असते आणि शिजवूनही मोडत नाही, आणि ज्याला ते बाधते त्याला फार बाधू शकते. या दोन्ही गोष्टी माझ्या वहीत एकाच पानावर होत्या.

मी तिला पहिली सांगितली. दुसरी सांगितली नाही. तिला एवढे कशाला, असे मला वाटले.

"प्रथिन म्हंजे डाळीत असतंय त्ये?" तिने विचारले.

"हो, पण हे जरा वेगळं."

"आन् शिजलं की मोडतंय? नक्की?"

"नक्की."

"साल काढू का?"

"सालीतच तर सत्त्व असतं," मी म्हणाले. वर्गात मी तीस वर्षे हेच वाक्य म्हणत आले होते. तोंडातून सवयीने आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फाटकाशी बघून ती गाडी तशीच सोडून आली. "बाई, वाटीभर खाल्लं! गूळ घालून, सालीसकट. जल्मात पयल्यांदा. काय सुदीक चावलं न्हाई बगा!" तिने माझा हात धरला होता. हाताला केळ्यांचा वास होता. त्याच आठवड्यात ती स्टीलचा डबा घेऊन पहाटेच्या एसटीने साताऱ्याला गेली.

दोन दिवस गाडी लागली नाही. तिसऱ्या दिवशी लागली. तिने केळ्यांचे घड टांगता टांगता सांगितले. लेकीने चार चमचे खाल्ले, "आई, ग्वाड झालंय" म्हणाली. मग ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग आवाज बंद झाला. जावयाने रिक्षात घातले. दवाखान्यात इंजेक्शने दिली. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

"डाक्टर माझ्यावर लय खवळलं. इचारलं, शिजवून द्या म्हून कुणी सांगितलं? मी म्हनलं, माझ्या मनानंच केलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुमचं नाव न्हाई घेतलं, बाई."

मी तेव्हा त्या पानावरची दुसरी गोष्ट सांगायला हवी होती. मी अर्धा डझन केळी मागितली.

तिने चांगली निवडून दिली. "तुमचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "माजं तोंड येगळं, तिचं येगळं. पोटची असली म्हून काय झालं?"

घरी येऊन मी केळी टोपलीत ठेवली, वरण-भात लावला. काही वाटल्याचे आठवत नाही. अजूनही, लिहिताना, काही वाटते आहे असे म्हणवत नाही.

त्यानंतर तिने सफरचंदे ठेवणे बंद केले. गिऱ्हाईक विचारी, "मावशी, सफरचंद?" ती म्हणे, "पपई न्या, ग्वाड हाय." काही महिन्यांनी गाडी विकून ती लेकीकडे गेली. त्या कोपऱ्यावर आता एकजण मोबाईलची कव्हरे विकतो.

मागच्या वर्षी मी एका लग्नासाठी साताऱ्याला गेले, तेव्हा विचारत विचारत त्या मुलीचे दुकान शोधले. ब्लाउज शिवत होती. तिला वाटले, मी माप द्यायला आले.

मी कोण ते सांगितले. तिने मशीन थांबवले. "आई गेली. पावसाळ्यात. ताप आला हुता." मग म्हणाली, "तुमचं नाव लय काढायची. म्हनायची, सांगलीच्या बाईंनी मला लय शिकवलं."

तेव्हा मी ते बोलले. एका पानावर दोन गोष्टी होत्या, तुमच्या आईला मी एकच सांगितली, असे. सालीचेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. हातातल्या कापडाची शिवण बोटाने दाबत राहिली.

"आईला ह्ये ठावं हुतं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग कापड बाजूला ठेवत, "च्या घेता?"

मी घेतला.

सई, तुझ्या शरीराला कोणते प्रथिन चालत नाही ते तपासणी करून डॉक्टर सांगतील. त्यांना दोन्ही प्रथिनांबद्दल विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव.

मावशी नाही. तिची मुलगी साताऱ्यात आहे, दुकान चालवते, आणि बरी आहे.

तुमची आजी