क्रेनवाला

रामटेके सरांना चहा आवडला की ते कपाची तक्रार करायचे. कान तुटका आहे, बशी जुळत नाही, असं काहीतरी. एखाद्या वस्तूबद्दल त्यांनी ती करणाऱ्याच्या तोंडावर चांगलं म्हटलेलं मी सतरा वर्षांत ऐकलं नाही. वाईट मात्र ते चार माणसं जमवून बोलायचे. त्या चार माणसांपुढे मी एकदा सापडलो, आणि माझं भिलाईतलं नावच बदललं.

ते तरुणपणी नौदलात पाणबुडे होते. नंतर इथल्या पोलाद कारखान्यात रिगर, म्हणजे अवजड यंत्रं दोर-साखळ्यांनी उचलणारे, म्हणून निवृत्त झाले आणि उतईला घर बांधून राहिले. धरणाचं दार अडकलं, पंपाच्या तोंडाशी गाळ बसला, की त्यांना बोलावणं यायचं. रविवारी सकाळी नेहरू नगरच्या जलतरण तलावात ते दहा-बारा जणांना पाण्याखालचं काम शिकवायचे. मी जुनवानीत फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. बाप त्याच कारखान्याच्या कोळसाभट्टीत, कोक ओव्हनमध्ये मेला तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून जे उभं केलं ते माझ्या हातानं आणि तोंडानं. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस या गावात नाही, असं मी तोवर समजत होतो.

सर एकदा परदेशी बॅकप्लेट घेऊन दुकानात आले. पाठीवर बांधायची ही पोलादी पाटी. तिच्या खाचांतून पट्टे ओवायचे, मागे हवेचा सिलिंडर अडकवायचा आणि दोन्हींच्या मध्ये विंग बसवायची. विंग म्हणजे घोड्याच्या नालेसारखी रबरी पिशवी, जिच्यात हवा भरली की माणूस वर येतो आणि सोडली की खाली जातो.

"असी बनते का तुया हातून?"

"याच्याहून बेस्ट बनवतो सर. हे त पत्रा आहे."

इथेच चुकलो. आम्ही पोलादावर वाढलेली माणसं. आमच्याकडे दाराची कडी असो की पोराचा पाळणा, जाड म्हणजे चांगलं. त्यांची प्लेट तीन मिलीमीटरची होती, मी सहाची, म्हणजे दुप्पट वजनाची कापली. उपकार करतोय, असंच मला वाटत होतं.

रविवारी ती बांधून सर खोल बाजूला उतरले आणि विंगमधली हवा सोडून तळाशी बसले. पाय मारून वर यायचा प्रयत्न केला, पण अर्ध्यातून पुन्हा खाली गेले. शेवटी विंग भरून वर आले. मास्क कपाळावर सरकवला आणि माझं आडनाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विंग फाटली त मले वर काढाले क्रेन लागन. कापगते, प्लेटसोबत क्रेनबी देतो का?"

काठावर दोन ठेकेदार होते, माझी गिऱ्हाइकं. ते पोट धरून हसले. सोमवारपर्यंत मी 'क्रेनवाला' झालो होतो. दुर्गच्या बाजारात लोक विचारायचे, "क्या क्रेनवाले, आज क्या डुबाया?" पंधरा वर्षं घासून मिळवलेलं नाव त्यांनी एका वाक्यात घालवलं. माल चुकला होता, हे कबूल. पण ते मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

मी दुसरी प्लेट केली. तीन मिलीमीटर, प्रत्येक खाचेची कड पट्टा कापणार नाही इतकी घासलेली. ती घेऊन उतईला गेलो. सर अंगणात बाजेवर बसले होते.

"ही पास झाली त त्याच लोकाईसमोर सांगा, प्लेट बराबर आहे म्हून. अन् थे नाव वापस घ्या."

"अन् फेल झाली त?"

"दुकानाच्या पाटीवर 'क्रेनवाला' लिहीन."

ते हसले. "मंग तूच घालून उतर. बनवणाऱ्याले मालूम पडू दे."

मला साधं पोहता येत होतं, एवढंच. पण नाही म्हणालो असतो तर सौदा मोडला असता. तीन महिने दर रविवारी ज्याचा गळा धरायचा होता त्याच्याकडूनच मी श्वास घ्यायला शिकलो. "पाण्यात घाई करशीन त पाणी तुया भाव पाडन," ते म्हणायचे. शिकवण्यात चोरी केली नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.

चाचणीच्या दिवशी ते दोन ठेकेदार मी मुद्दाम बोलावले. तळाच्या थोडं वर मी आडवा तरंगत होतो, ना वर ना खाली. सरांनी खूण केली, विंग रिकामी कर. केली. गुडघे हळूच फरशीला टेकले. त्यांनी बोट वर दाखवलं. घाई केली नाही. पाय मारले आणि विंगमध्ये हवेचा एक फुगा न भरता वर आलो. काठावर टाळ्या पडल्या.

सर माझ्यामागून वर आले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"खांद्याचा पट्टा वाकडा लावला तूनं," ते म्हणाले.

"सर, प्लेटचं बोला."

"एका डुबकीनं काय समजते? वापरून पाहू."

आणि टॉवेल घेऊन निघाले. मी ओल्या अंगानं त्यांच्यामागे ओरडलो, माझ्या दुकानातून तुम्हाला एक बोल्टसुद्धा मिळणार नाही.

"नको देऊ," ते मागं न बघता म्हणाले.

पुढच्याच महिन्यात कोरब्याहून दोन पाणबुडे प्लेट मागायला आले. मग रायपूरहून, मग धमतरीकडून. कोणी पाठवलं, विचारलं की एकच उत्तर यायचं, रामटेके सरांनी. कोरब्याच्या एकाला मी धरून बसवला आणि सर नेमकं काय म्हणाले ते वदवून घेतलं. तो म्हणाला, "सर बोले, जुनवानी में एक गुस्सेवाला आदमी है। गाली देगा, सुन लेना। लेकिन उसकी प्लेट तुमको डूबने नहीं देगी।"

लोक तोंडावर गोड बोलतात आणि पाठीमागे शिव्या देतात. त्याची मला सवय आहे, त्याचा बंदोबस्त करता येतो. या माणसानं उलटं केलं होतं. मी तसाच स्कूटर काढून उतईला गेलो.

"माह्या मागं बोलता, मंग लोकाईसमोर कावून नाही बोलले? अजूनबी मले क्रेनवाला म्हणून राहिले लोक!"

सर लाखोळीची भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तुयासमोर बोललो असतो त दुसऱ्या दिवशी तूनं भाव वाढवला असता. माह्याकडं शिकणाऱ्या पोराईले परवडलं नसतं."

ते खरं होतं. पाण्यातून वर येतानाच मी नवा भाव ठरवला होता.

माझी अब्रू गहाण ठेवून त्यांनी माझाच भाव पाडला होता. मी तिथून चहा न घेता उठलो आणि पुन्हा गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही. गिऱ्हाइकं पाठवत राहिले.

दोन हिवाळ्यांनंतर झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. उतईला बुद्धवंदना झाली तेव्हा अंगणात उभ्या असलेल्यांपैकी निम्मे माझ्या प्लेटा वापरणारे होते. मी शेवटपर्यंत मागच्या रांगेत होतो. रडलो नाही. त्यांच्याकडून माझं येणं बाकी होतं.

त्याच आठवड्यात मी भाव वाढवला. चांगला घसघशीत, सूड म्हणूनच. पहिलं गिऱ्हाईक बालोदचं आलं. त्याला आकडा सांगितला आणि हात बांधून बसलो, आता भांडेल म्हणून. त्यानं प्लेट उलटसुलट बघितली, "सर बोले थे," एवढंच म्हणून पैसे मोजून दिले आणि निघून गेला.