उलट्या खिडकीतली पट्टी

नील, ईरा,

रविवारी फोनवर ईराने विचारलं, “आजी, आत्याच्या गावातल्या शेवटच्या घराची खिडकी उलटी का आहे? आणि तिच्यात अडकवलेली पट्टी कुणी चावलीय?” खिडकीबद्दल आत्या म्हणाली, “आजीलाच विचार.” आणि आजीने काय केलं? तुमच्याकडे थंडी किती पडलीय ते विचारलं. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या बाबाने शेजारी बसून वाचून दाखवावं, आणि मधला कुठलाही भाग गाळू नये.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. एकतीस वर्षं मुलुंडच्या शाळेत भूमिती शिकवली. सिद्धता नसेल तर शून्य मार्क, हा माझा नियम होता. पण या गोष्टीची सिद्धता माझ्याकडे नाही.

सायलीआत्या अंधेरीच्या एका गेम स्टुडिओत काम करते हे तुम्हाला माहीत आहे. ती गाव बांधत नाही, गावाचे तुकडे बनवते. भिंत, कोपरा, दार, खिडकी, छप्पर... चाळीस-बेचाळीस तुकडे, सगळे एका मापात, शेजारी ठेवले की बरोबर जुळणारे. त्याला ती मॉड्युलर किट म्हणते. तेच तुकडे उलटसुलट जोडून कुणी सराई उभी करतं, कुणी किल्ला. तुम्ही ज्या गावात ड्रॅगन शोधत फिरता, ते अख्खं त्याच तुकड्यांचं आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, एकही भिंत काटकोनात नाही!”

“आई, स्टाइलाइज्ड आहे ते. परीकथेतलं घर असं पोट सुटलेलंच हवं. पण पाया बघ ना, दोन मीटर बाय दोन मीटर, सगळीकडे. वरून वाकडं, आतून शिस्तीत. तुझीच मुलगी आहे मी.”

गेल्या वर्षी हे गाव क्लायंटला द्यायच्या आठवड्यात ती घरून काम करत होती. सहा महिन्यांची मेहनत होती, आणि शुक्रवारी ते मंजूर झालं नाही तर काम दुसऱ्या टीमकडे जाणार होतं. नेमकं तेव्हा हे सुरू झालं. पहिल्या ओळीत सात घरं, सगळ्यांना तीच खिडकी – खाली दोन दारं, वर एक छोटी झडप. पण शेवटच्या घराची खिडकी उलटी व्हायची. झडप खाली, दारं वर. सायली सरळ करायची, फाइल पाठवायची, आणि स्टुडिओत उघडली की पुन्हा उलटी.

तिच्या टीमच्या लीडचा, विक्रांतचा, आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. “सायली, यार, तिसऱ्यांदा! डोळे मिटून पाठवतेस का?”

“अरे, मी सरळ केली होती. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.”

“स्क्रीनशॉट क्लायंटला दाखवू का मी? शुक्रवारी वाट लागेल आपली.”

मी तोवर ती उलटी खिडकी पाहिली नव्हती. मुलांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हाही माझा नियम.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला सायली पार्सल घ्यायला खाली गेटवर गेली. मी शब्दकोडं घेऊन तिच्या खुर्चीत बसले. समोर स्क्रीनवर ते शेवटचं घर होतं. खिडकी सरळ होती... मी नीट पाहिली होती. कोड्यात एक शब्द लिहायला मान खाली घातली आणि टक्क आवाज झाला.

वर पाहिलं तर खिडकी उलटी. तळाची झडप चार बोटं बाहेर आली, थरथरली, आणि टक्क... मिटली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा टक्क. आतून कुणीतरी ढकलतंय, पण धरून ठेवायची ताकद नाही – तशी.

लॅपटॉपचा आवाज बंद होता.

सायली वर आली तेव्हा स्क्रीनवर झडप मिटलेली होती. मी सांगितलं तसं ती हसली. “आई, ती झडप उघडूच शकत नाही. अख्खी खिडकी एक तुकडा आहे, दगडात कोरल्यासारखी.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “आई? काय झालं गं? पाणी देऊ?”

मी त्या खिडकीला ओळखलं होतं.

माझं लहानपण आरे कॉलनीत गेलं. माझे वडील, दादा, म्हशींच्या गोठ्यांच्या एका युनिटवर सुपरवायझर होते. सात क्वार्टर्सची ओळ, शेवटचं आमचं. मला एक धाकटी बहीण होती – सुमी. हे सायलीला माहीत नव्हतं, तुमच्या बाबालाही नाही. आईसमोर सुमीचं नाव काढायचं नाही असं घरात ठरून गेलं होतं, आणि आई गेल्यावरही मी ते पाळत राहिले.

सातव्या वर्षी सुमीच्या तापाचं दुखणं हृदयावर गेलं. डॉक्टरांनी उठायला बंदी केली. वारा लागू नये म्हणून खिडकीची खालची दारं मिटलेली असत, आणि खाटेवरून तिला वरच्या झडपेतून नुसतं आभाळ दिसायचं, त्याने ती रडायची. म्हणून दादांनी युनिटच्या सुताराला बोलावलं, चौकट उचकटली आणि उलटी बसवली. झडप बरोबर तिच्या उशीच्या उंचीला आली. शेजारचे मालवणी काका खो खो हसले. “काय हो साहेब, खिडकी डोक्यार उभी केल्यात?” दादा म्हणाले, “पोरगी आडवी आहे ना, मग खिडकीने थोडं वाकायला नको?”

त्या झडपेतून सुमी रस्ता बघायची. म्हशी, बसची चाकं आणि माणसांचे पाय. पायांवरून सगळ्यांना ओळखायची. “ताई, तुझी उजवी चप्पल झिजलीय गं.” फक्त ती झडप उघडी राहत नसे. तिला टेकू लागायचा, आणि टेकू होता माझी बारा इंची लाकडी पट्टी.

त्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता. सकाळी मी पट्टी काढून घेतली. झडप टक्क करून मिटली. “ताई, मिटली गं... दे ना.” “आल्यावर देते,” म्हणून मी निघाले. दीडला परत आले तेव्हा दाराबाहेर चपलाच चपला होत्या. बंद झडपेसमोर. तिने एकूण एक जोड ओळखला असता.

इतकं मी सायलीला सांगितलं.  ती खुर्ची ओढून बसली. “केवढी होती पट्टी?”

“बारा इंच. लाकडी. साधी.”

तिने झडप कापून वेगळी केली, उघडी ठेवली, खाली साध्या गुळगुळीत पट्टीचा टेकू दिला. खिडकी उलटीच राहू दिली. विक्रांतला म्हणाली, “चूक नाही, ते डिझाइन आहे.” तो म्हणाला, “आधी बोलायचंस ना! झकास दिसतंय.” शुक्रवारी गाव मंजूर झालं. त्यानंतर एकही खिडकी जागची हललेली नाही.

आता ईराच्या प्रश्नाबद्दल. सायलीला मी एक गोष्ट सांगितली नव्हती, लाजेने. मी पट्टी नुसती पेपरसाठी घेतली नाही. कंपासपेटीत दुसरी पट्टी होती. पण पडल्या पडल्या सुमी त्या पट्टीचं टोक चावायची, आणि त्या सकाळी मी तिच्यावर ओरडले, “चावून ठेवलीस माझी पट्टी! आता मिळायची नाही.” मी तिला शिक्षा केली होती.

सायलीने रविवारी रात्रीच आपली फाइल उघडून पाहिली. तिची पट्टी गुळगुळीतच आहे. तुमच्या गेममधली नाही. ईराने पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. चार व्रण आहेत, आणि दोन व्रणांच्या मध्ये एक फट. सुमीचा पुढचा एक दात तेव्हा पडलेला होता.

 

क्वार्टर्सची ती ओळ पाडली. सुमीचा एकही फोटो नाही. आई गेली, दादा गेले, तिला पाहिलेली मी एकटी उरले आहे. पट्टी आहे. माझ्या कपाटात, वरच्या खणात, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. एका टोकाला चार दातांचे व्रण आहेत, मध्ये एक फट.

तुमची
आजी